सिंहवाले, दिवेवाले आणि निसळ भाऊसाहेबांची डिग्री

शामकांत निसळ यांचा देवावर विश्वास होता, पण तोसुद्धा तपासून ठेवलेला.

राजूरच्या दूध केंद्रावर दूध तपासायची नोकरी त्यांना लागली ती एकोणीसशे सत्तर साली. नसती लागली, तरी त्यांनी काहीतरी तपासलेच असते. वाण्याकडून आणलेल्या साखरेचे चार दाणे जिभेवर ठेवून ते डोळे मिटत, आणि मग त्या वाण्याकडे अशा नजरेने बघत, की आपण खरेच रवा मिसळला की काय अशी शंका त्या बिचाऱ्यालाच येई. पाहुणा आला तर 'बसा' म्हणायच्या आधी 'का आलात?' हे त्यांच्या भुवया विचारून मोकळ्या होत. त्यांच्या पत्नी दमयंतीबाई सांगत, "आमच्या लग्नात अंतरपाट धरला होता, तेव्हा हे वाकून खालून बघत होते. मुलगी तीच आहे ना, म्हणून!"

अशा माणसाच्या हातात लॅक्टोमीटर आला. लॅक्टोमीटर म्हणजे काचेची एक पोकळ कांडी. दुधात सोडली की तरंगते आणि तिच्यावरच्या आकड्यांवरून दूध किती दाट ते कळते. लोक त्या आकड्याला 'डिग्री' म्हणत. एकेका सभासदाची तपासणीची पाळी आठवड्यातून एकदा. म्हशीच्या दुधाची डिग्री अठ्ठावीसच्या वर हवी. खाली आली, तर दुधात पाणी आहे असे धरून सभासदाच्या नावापुढे लाल फुली. एका महिन्यात तीन फुल्या झाल्या की नाव वहीतून कमी. मग ते दूध न्यायचे कुठे, तर घरी. कारण राजुरात दुसरे केंद्र नव्हते. तपासणीच्या पेटीत कांडीबरोबर एक थर्मामीटरही आला होता. तो पहिल्याच हिवाळ्यात निसळांच्या हातून फुटला. त्याच्यावाचून काही अडले नाही, म्हणून नवा मागवला नाही. कांडी मात्र ते रुमालात गुंडाळून रोज घरी नेत. साऱ्या जगात एवढ्या एकाच वस्तूवर त्यांनी कधी संशय घेतला नव्हता.

बहात्तरच्या जानेवारीत केंद्रात दूध थंड करायचे यंत्र आले. यंत्र विलायतेचे, म्हणून ते बसवणारा माणूसही विलायतेचा येणार होता. चेअरमन कानिफनाथ आवारी यांनी झेंडूचा हार आणला आणि हायस्कूलच्या मास्तरांकडून इंग्रजीत भाषण लिहून घेतले. जीप आली. जीपमधून एक उंच, काळाभोर, हसरा माणूस उतरला. चेअरमन हार घेऊन त्याच्या मागे बघत उभे राहिले. साहेब मागून येत असावा! मागून धुळीखेरीज काही आले नाही.

"फसवलं आपल्याला कंपनीनं," चेअरमन हळूच म्हणाले. "सायेब मागवला हुता आपन. ह्यो तर आपल्या परास उन्हात राबलेला दिसतोय."

त्याचे नाव विन्स्टन. मूळचा जमैका बेटावरचा, लहानपणी आईबापांबरोबर विलायतेला गेलेला. पहिल्याच दुपारी त्याने नागलीच्या भाकरीबरोबर ठेचा खाल्ला आणि आणखी मागितला. तेवढ्यावर राजूरने त्याला आपला मानले. निसळांनी मानले नाही. माणूस तीन महिने ठेचा मागून खातो, याच्यामागे काहीतरी असणार.

विन्स्टन काम करताना शेजारी एक पेटी ठेवी. बॅटरीवर चालणारी, तबकड्या वाजवायची. तबकड्या सात, बशीएवढ्या. निसळ रोज त्या पेटीभोवती फिरत आणि आपल्या मॅट्रिकच्या इंग्रजीत प्रश्न विचारत. हे काय आहे? कोण गातो? कशाबद्दल गातो? कुणाच्या सांगण्यावरून गातो? विन्स्टनने सांगितले, हे रेगे. निसळांना रेगे आडनावाचे एक गोव्याकडचे डॉक्टर माहीत होते. ते घराणे तिकडे कधी गेले, याची त्यांनी वहीत नोंद केली आणि पुढे प्रश्नचिन्ह काढले. सारी चौकशी होती. पण विन्स्टनला ती आवड वाटली. जाताना त्याने ती पेटी आणि सातही तबकड्या निसळांच्या हातात ठेवल्या, त्यांना मिठी मारली आणि डोळे पुसले. निसळांनी नंतर खिसे तपासले. सगळे जागेवर होते.

आता एवढी वस्तू कुणी फुकट देते का? निसळांनी तबकड्या ऐकायला घेतल्या त्या काय दडलेय ते शोधायला. आणि पहिल्याच तबकडीत त्यांनी चोरी पकडली. गाण्याचा ठेकाच गायब! आपल्या हलगीवर जिथे टिपरू पडते, तिथे या गाण्यात शांतता. आणि जिथे हात वर गेलेला असतो, तिथे वाजलेले.

"मलई काढून घेतलेलं गाणं आहे," ते दमयंतीबाईंना म्हणाले. "मूळ ठेका कुणीतरी काढून ठेवलाय."

"मग परत करा," दमयंतीबाई म्हणाल्या. "नाहीतर आवाज तरी कमी करा."

ठेका कुणी चोरला हे शोधायला निसळांनी तीच तबकडी चाळीस वेळा लावली. एकेचाळिसाव्या वेळी त्यांच्या लक्षात आले, की आपला उजवा पाय हलतोय, आणि तो नेमका नको तिथे हलतोय. त्यांनी पायाकडे संशयाने पाहिले. पाय थांबला नाही.

इथून पुढे निसळ बिघडले.

केंद्रावर सकाळचे दूध जमा झाले की टँकर येईपर्यंत अर्धापाऊण तास रिकामा जाई. त्या वेळात ते पेटी लावू लागले. ऐकायला कायमचे बसत ते दोघेच. एक, केंद्राचा टेम्पो चालवणारा सहादेव हासे. हा पहाटे वरच्या वाड्यांमधून दुधाच्या कॅन गोळा करून आणी. माणूस तिशीचा, मिशा दोन माणसांच्या. दुसऱ्या बनुबाई आरोटे. वय साठ, दोन म्हशी, मुलगा मुंबईला, सून वाडीवर. त्यांची वाडी वरच्या रस्त्याला दोन कोसांवर. वाडीत केंद्राच्या सभासद त्या एकट्याच, म्हणून टेम्पो तिथे थांबत नसे. किटली डोक्यावर घेऊन त्या ताससव्वा तास चालत येत, सगळ्यात शेवटी पोचत, आणि दम खायला पायरीवर बसत. त्या दमात त्यांनी ही गाणी ऐकली. चार दिवसांनी त्या दम गेल्यावरही बसून राहिल्या.

ठेक्याचे कोडे सोडवले ते बनुबाईंनी.

"भाऊसाहेब, तुमी ताक घुसळलंय का कवा?"

"नाही."

"मग तुमाला कसं कळंल! दोरी येकदा वढायची न येकदा सोडायची. आपन सारी वढताना वाजवतो. ही मान्सं सोडताना वाजवत्यात. ठेका कुनी चोरला न्हाई. त्यो सोडलाय."

निसळांनी हे वहीत उतरवून घेतले. पुढे प्रश्नचिन्ह काढले नाही. ही त्यांच्या आयुष्यातली अपूर्व घटना होती.

सात तबकड्यांत दोन बँड होते. चार तबकड्यांवर सिंहाचे चित्र होते, ते झाले सिंहवाले. तीन तबकड्यांवर सात दिव्यांचे चित्र, ते दिवेवाले. सिंहवाल्यांचा खर्ज असा, की पेटीवर पाण्याचा पेला ठेवला तर पाण्यावर कडी उठत. गाणारा घोगरा, पिपाण्या फाटलेल्या. दिवेवाल्यांत तिघे मिळून गात, गोड, स्वच्छ, मागे बाजाच्या पेटीसारखे काहीतरी. आणि दोन्ही चांगले म्हणून सोडून दिले, तर तो नगर जिल्हा कसला! महिन्याभरात दोन तट पडले. सहादेव आणि बनुबाई सिंहवाले. निसळ एकटे दिवेवाले.

"दिवेवाले गाळून घेतलेले आहेत," निसळ म्हणत. "एक कण राहत नाही."

"गाळता गाळता काय राह्यलंच न्हाई त्यात," सहादेव म्हणे. "सिंहवाल्यांचा खर्ज बघा. माझा टेम्पो घाटात पयल्या गेरात टाकला न, की असाच बोलतो. पोटात वाजतंय."

"पोटात वाजतं त्याला औषध घ्यावं लागतं, सहादेव."

"भाऊसाहेब, ते तिघं गातात का येकमेकाला झोपवत्यात?"

"सहादू, आसं म्हनू नगं," बनुबाई मध्ये पडत. "गोड गात्यात बिचारी. पर भाकर सोडून नुसता गूळ किती खायचा मान्सानं?"

निसळांनी वहीत दोन्ही बँडांची फॅट आणि डिग्री लिहिली होती. सिंहवाले: फॅट आठ, डिग्री सव्वीस, पाण्याचा संशय. दिवेवाले: फॅट साडेसहा, डिग्री तीस. सहादेवला हे कळले तेव्हा तो दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने कट केला. बनुबाई शेवटी पोचत, त्यांच्या वाट्याला जेमतेम एक तबकडी येई, आणि ती निसळ मुद्दाम दिवेवाल्यांची लावत. म्हणून त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतर सहादेवने बनुबाईंना टेम्पोत घ्यायला सुरुवात केली. टेम्पोत माणूस बसवायला बंदी होती. पण बनुबाई म्हणजे माणूस नव्हे, मत होते. त्या पुढे ड्रायव्हरशेजारी बसत, पायाशी इंजिनाच्या झाकणावर किटली. दोन कोस वीस मिनिटांत. धार काढली की पदर खोचून थेट टेम्पोत, आणि रांगेत सगळ्यांत आधी.

त्याच आठवड्यात बनुबाईंच्या दुधाची डिग्री घसरली.

पाळीच्या दिवशी साडेसव्वीस. निसळांनी कांडी पुसली, पुन्हा सोडली. साडेसव्वीस. बनुबाईंची डिग्री तीन वर्षे एकोणतीसच्या खाली गेली नव्हती. निसळांनी लाल फुली केली. दुसऱ्या आठवड्यात साडेपंचवीस. दुसरी फुली.

"आयुष्यात पानी घातलं न्हाई मी दुधात," बनुबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही, त्यामुळे तो लांबपर्यंत ऐकू गेला. "ह्या दोन म्हशींवर माझं न सुनंचं चालतंय. नाव गेलं तर म्हशी इकाव्या लागतील, भाऊसाहेब. ते तर जाईलच. पर लोक म्हनतील, बनुबाई पानीवाली."

"मी काही म्हणत नाही. कांडी म्हणते."

"मग कांडीला इचारा की, खोटं का बोलती."

हे निसळांना फार लागले. आईवरून बोललेले चालले असते.

आता त्यांच्या संशयाला पालवी फुटली. सून घालत असेल का? म्हातारीला पत्ताही नसेल. की सहादेव? वाटेत ओढा लागतो. पण सहादेव आपल्या बाजूचे मत कशाला बुडवील? की म्हणूनच, कुणाला संशय येऊ नये म्हणून? रात्री जेवताना त्यांनी दमयंतीबाईंच्या ताकाकडेही दोनदा पाहिले. शेवटी संशय फिरत फिरत घरी आला: आपल्याला ही बाई आवडते, तिच्याशी भांडायला आवडते, म्हणून तिसऱ्यांदा कांडी लावायला आपण टाळतोय की काय? कारण पाळी आली तरी दोन दिवस त्यांनी बनुबाईंचे दूध 'उद्या बघू' म्हणून न तपासता घेतले होते. नोकरीत पहिल्यांदा.

रांगेने हे टिपले. रांगेचे डोळे निसळांनीच तयार केले होते.

"आपन गानी ऐकत न्हाई, म्हनून आपल्याला फुल्या," कुणीतरी म्हणाले. "रेकाट ऐकल्यावर दूध आपोआप दाट होतंय वाटतं." हे चेअरमनांपर्यंत पोचले. चेअरमन आवारी स्वतः आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "भाऊसाहेब, उद्या सकाळी बनुबाईचं दूध माझ्यासमूर तपासायचं. कमी भरलं तर नाव कमी. न तुमचं बी काय करायचं ते मग बघू."

दुसऱ्या दिवशी पहाटे निसळ अंगावर घोंगडी घेऊन निघाले. दमयंतीबाई उठून बसल्या. "कुठे?"

"फिरायला."

"सोळा वर्षांत कधी गेला नाहीत."

"म्हणूनच."

दमयंतीबाई दारात उभ्या राहून त्यांची पाठ दिसेनाशी होईपर्यंत बघत होत्या. संशय हा एका ताटात जेवून लागणारा रोग आहे.

दोन कोस चालून निसळ बनुबाईंच्या गोठ्यामागे पोचले, आणि भाताच्या पेंढ्याच्या उडवीआड दबा धरून बसले. चोर रंगेहाथ पकडायचा. पण राजूरच्या डोंगरातली थंडी हा कुणाच्याच बाजूचा साक्षीदार नव्हे. पाच मिनिटांत त्यांचे दात वाजू लागले. बनुबाईंचा कुत्रा येऊन त्यांचा हात चाटू लागला. साऱ्या वाडीत निसळांवर संशय न घेणारा तो एकच.

"कोन हाय रं पेंढ्यामागं?" बनुबाईंनी कंदील उचलला.

"मी. निसळ."

बनुबाईंनी कंदील त्यांच्या तोंडापुढे धरला. मग बनुबाई म्हणाल्या, "या. चोरून बघाया आलात, आता समूर बसून बघा."

निसळ बसले. त्यांनी धार काढायची चरवी उलटी करून झटकली. आतून बोट फिरवले. बनुबाईंना हात पुसायला लावले. सुनेला गोठ्याच्या बाहेर उभे केले. मोरी म्हशीची कास त्यांनी स्वतःच्या रुमालाने कोरडी केली, आणि मोरीने त्यांच्याकडे वळून असे पाहिले, की बनुबाई इतक्या दिवसांत प्रथमच हसल्या. धार निघाली. फेसाळ, वाफाळणारे दूध. निसळांनी डोळ्याची पापणी हलवली नाही. मग रुमालातून कांडी काढली, सोडली.

पंचवीस.

निसळ खाली बसले. बसलेले होते, ते आणखी खाली बसले.

"किती?" बनुबाईंनी विचारले.

"पंचवीस."

"मग मोरीनंच घातलं आसंल पानी. लिवा मोरीचं नाव वहीत. द्या तिला फुली."

निसळांनी खरोखरच म्हशीकडे पाहिले. तीन वर्षे ज्या कांडीच्या जिवावर त्यांनी माणसांना खोटे ठरवले, ती कांडी त्यांच्या डोळ्यांदेखत, कासेतून आलेल्या दुधाला खोटे म्हणत होती. दोघांपैकी एक लबाड होते: कांडी किंवा मोरी. आणि मोरीला लिहितावाचता येत नव्हते.

तेवढ्यात वरच्या वाडीचा एक पोरगा निरोप घेऊन आला, की टेम्पो वरच्या वळणावर पंक्चर झालाय, सहादेवला तासभर लागेल. निसळांनी चरवीवर फडके टाकले आणि वर स्वतःचा हात ठेवला. "ही आता कुणी हलवायची नाही." आणि तिघे थांबले. निसळ, बनुबाई आणि त्यांच्यामधली चरवी.

गप्प बसून बसणार किती? सुनेने चहा आणला. बनुबाईंनी चहाचा एक घोट घेतला आणि मनात साठलेले बोलल्या. "सिंहवाल्यांना पानीवाले लिवलंय म्हनं तुमी. तवाच मला कळायला पायजे हुतं, की ह्या मान्साला चव न्हाई."

"चवीचा प्रश्न नाही, बनुबाई. त्यांचा गाणारा सुरात नाही."

"त्यो सुरात कसा आसंल? त्याच्या घरी काय झालंय, तुमाला ठावं हाय का?"

"तुम्हाला इंग्रजी येत नाही."

"रडनं कंच्या भाषेत आसतंय, भाऊसाहेब?"

"दिवेवालेही दुःखाचंच गातात."

"ते दुसऱ्याच्या दुःखाचं गात्यात. मयतीला जाऊन आल्यावानी, हातपाय धुऊन."

निसळ चिडले. एका हाताने चरवी धरून दुसऱ्या हाताने त्यांनी मांडीवर दिवेवाल्यांचा ठेका धरला आणि तिघांच्या आवाजांपैकी मधला आवाज गाऊन दाखवला. बनुबाईंनी रिकामी किटली उपडी घातली आणि सिंहवाल्यांचा खर्ज तिच्या बुडावर वाजवला. सुनेने गोठ्याबाहेरूनच, सासूला न विचारता, दिवेवाल्यांना मत दिले. त्यावर वेगळे भांडण झाले. सहादेव टेम्पो घेऊन पोचला, तेव्हा आतला आवाज ऐकून त्याला वाटले, पंचनामा चालू आहे.

"आता ह्याच्यासमूर पुन्हा बघा," बनुबाई म्हणाल्या. "मला साक्षीला मानूस पायजे. केंद्रावर तुमी काय बी सांगाल."

निसळांनी फडके काढले. कांडी सोडली. कांडी डुलली आणि उभी राहिली.

एकोणतीस.

निसळांनी चरवी पाहिली. तीच. फडके तेच. हात त्यांचाच, तासभर न उचललेला. संशय घ्यायला त्यांच्याशिवाय कुणी शिल्लकच नव्हते. त्यांनी चरवीच्या पोटाला हात लावला. मघाशी ती ताप आलेल्या पोराच्या कपाळासारखी लागली होती. आता गार होती. फेस बसला होता. आणि पहिल्या हिवाळ्यात फुटलेला तो थर्मामीटर कशासाठी होता, हे निसळांना तिथे, म्हशीच्या शेणात उभे असताना, समजले. ऊन ऊन, वारा भरलेल्या दुधात कांडी खोल बुडते आणि डिग्री खाली दाखवते. निवले, की वर येते. चालत आणलेले दूध वाटेतच निवत होते. टेम्पोतून आणलेले इंजिनावर बसून, हसत खेळत, वाफेसकट कांडीपुढे येत होते.

"बनुबाई," ते म्हणाले, "तुमचं दूध खोटं नाही. ते फार ताजं आहे."

"म्हंजी सिंहवाल्यांच्यापायी गेलं आसतं माझं नाव!"

"माझ्यापायी," निसळ म्हणाले.

केंद्रावर चेअरमन खुर्ची टाकून बसले होते आणि मागे रांग होती, पण दुधाच्या घाईत कुणी नव्हते. निसळांनी तपासलेल्या दुधाचा प्रकार सांगितला. चेअरमन ऐकत गेले तसतसे त्यांचे डोळे बारीक होत गेले.

"म्हंजी आज कमी भरलं, तर तास थांबायचं. मग भरंपत्तूर थांबायचं. आन मधल्या तासात कोन काय घालतंय, ते कुनी बघायचं?"

रांग हसली. निसळांचा चेहरा लाल झाला. ते म्हणाले, "चेअरमन, तुमचा गोठा मागेच आहे. तुमच्या पाच म्हशी. पाचवी अजून पिळायची असेल. तिला इथं आणा."

"माझी म्हस? कशाला?"

"सगळ्यांदेखत धार काढू. तुम्हीच काढा."

चेअरमनांचे दूध नेहमी पाचही म्हशी झाल्यावर, चहापाणी उरकल्यावर, सावकाश गड्याच्या हातून येई. त्याला कधी फुली पडली नव्हती, आणि ती चेअरमनपदाचीच पुण्याई असा सगळ्यांचा समज होता. म्हैस आली. चेअरमनांनी धोतर खोचून स्वतः धार काढली. निसळांनी कांडी सोडली आणि आकडा स्वतः वाचला नाही. रांगेतल्या दोघांना पुढे बोलावून वाचायला लावले.

"साडेपंचवीस!"

"आरं द्येवा," मागून कुणीतरी म्हणाले, "चेअरमननं आपल्यासमूर पानी घातलं न आपल्याला दिसलं न्हाई!"

"म्हशीला नोटीस द्या!"

"द्या फुली, भाऊसाहेब! सोडू नगा!"

चेअरमन चरवीकडे बघत होते. तीस वर्षांच्या राजकारणात त्यांच्यावर पुष्कळ आरोप झाले होते, पण म्हशीकडून पहिलाच. तासभर सगळी रांग त्या एका चरवीभोवती राखणीला उभी राहिली. कुणी कुणाला जवळ जाऊ देईना. सहादेवने संधी साधून सिंहवाल्यांच्या चारही तबकड्या ओळीने लावल्या. तासाने कांडी अठ्ठावीसच्या वर अर्धी रेघ उभी राहिली. मग बनुबाईंचे दूध तपासले. एकोणतीस.

चेअरमन उठले. "तासभर ठिवल्याबिगर कुनाचं बी तपासायचं न्हाई. थर्मामीटर आजच मागवा." आणि जाता जाता म्हणाले, "बनुबाई, मनात ठिवू नगा."

निसळांनी वही उघडली आणि बनुबाईंच्या दोन्ही लाल फुल्यांवर आडव्या रेघा मारून खाली सही केली. त्यांना वाटले, झाले. त्यांनी बनुबाईंकडे पाहिले. हसतील असे वाटले होते. बनुबाई वहीकडे बघत होत्या.

"भाऊसाहेब, माझं राह्यलं. पर ह्या तीन वरसात तुमी ज्यांची नावं काढली, ती?"

निसळांनी वहीची मागची पाने उलटली.

"इथं जवळ ऱ्हानारी असतील ती. दूध ऊन आनत असतील."

"त्यांत खरंच पाणी घालणारेही होते, बनुबाई."

"व्हय की. पर कोन, ते आता तुमाला तरी ठावं हाय का?"

वहीत अशी नऊ नावे निघाली. त्यातली सहा केंद्रापासून हाकेच्या अंतरावरची.

पुढच्या आठवड्यात निसळ एकेका घरी गेले. ते दारात दिसले की बायका दुधाची भांडी झाकत आणि पुरुष विचारत, "आता काय राह्यलं, भाऊसाहेब?" चूक झाली असे सांगायला कुणी दूध केंद्राचा माणूस घरी येतो, यावर कुणाचाच विश्वास बसेना. एकाने त्यांना चहा दिला आणि तो त्यांनी आधी प्यावा म्हणून वाट पाहिली. आठ घरांत आठ जणांनी शपथ घेतली, की पाण्याचा थेंब कधी घातला नाही. निसळांनी मान डोलावली. शपथ खरी की खोटी, हे ओळखायची कांडी त्यांच्याकडे नव्हती, आणि असती तरी आता त्यांनी ती लावली नसती.

नववे घर गोरक्ष लांडे यांचे. म्हातारा अंगणात दोरखंड वळत होता. निसळांनी सगळे सांगितले, दूध, वाफ, थर्मामीटर, आणि म्हणाले, "तुमच्यावर अन्याय झाला असेल, गोरक्षबाबा. उद्यापासून दूध आणा."

गोरक्षबाबांनी दोरखंड बाजूला ठेवला. "आन्याव कसला? मी घालीत हुतो की पानी. रोज दोन तांबे."

निसळ त्यांच्याकडे बघत राहिले. मग खिशातून पेन काढले आणि नऊच्या नऊ नावे पुन्हा वहीत लिहिली. काय करणार? ज्या एका माणसाच्या शब्दावर त्यांना पुरता विश्वास ठेवता आला, त्याच माणसाची किटली त्यांना रोज डोळ्यांत तेल घालून तपासावी लागणार होती.